कारबा खाली आहे

त्या वर्षांची आठवण निघाली की मला आधी डिझेलचा वास येतो, आणि मग इंजिनाचा आवाज. सुरुवातीला आळसावल्यासारखा एकेक ठोका, मग हळूहळू दम धरून एका लयीत चाललेला. आता मी बडोद्यात, फतेगंजात फ्लॅटमध्ये राहते. कधी वीज गेलीच तर तळमजल्यावरच्या बंद पेटीतला जनरेटर आपला आपण सुरू होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं. वीज गेल्यावर घरातल्या माणसांनी हातातलं काम टाकून पळायला नको का? आमच्याकडे सगळे पळत.

आम्ही मोहिते. बडोद्याहून पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की अंबाडपुरा म्हणून गाव होतं, तिथे आमची जमीन. गायकवाडांच्या चाकरीत असलेल्या कोणा पूर्वजाला मिळालेली, वाटण्या होऊन उरलेली. सगळा गाव पटेलांचा आणि मराठी घर एकटं आमचं. माझे वडील सुभानराव, म्हणजे आबा, बडोद्याच्या कचेरीत नोकरी करून गावी परतलेले. चार पिढ्या गुजरातेत राहून आपण मराठी जशीच्या तशी राखली, याचा त्यांना फार अभिमान. हे सांगता सांगताच ते आईला विचारत, "छापुं कुठे ठेवलंय?" आमच्या घरी वर्तमानपत्राला छापुंच म्हणत. भाजीला शाक म्हणत, उशीर झाला की मोडं झालं म्हणत. त्यात कोणाला काही खटकत नसे. खटकायचं ते वहिनीचं बोलणं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, उदयसिंहदादाची बायको मंदा. साताऱ्याकडची. हाडापेराने मजबूत, चेहरा हसरा आणि बोलणं तिकडच्या मातीतलं. हितं, तितं, न्हाई, व्हय. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात आबांनी तिला जेवताना थांबवलं आणि सांगितलं, "सूनबाई, न्हाई नाही, नाही म्हणावं." वहिनीने हातातला घास ताटात ठेवला आणि "नाही" म्हणाली. पुढे हे रोजचंच झालं. एकदा तर बडोद्याच्या दांडिया बाजारातले पाहुणे बसले असताना आबांनी तिच्याकडून एक शब्द तीनदा म्हणवून घेतला. पाहुणे कौतुकाने हसले. वहिनी पदर सावरत आत गेली आणि बराच वेळ नुसतीच चुलीपुढे बसून राहिली.

तिला घरात मोकळं वाटायची जागा एकच होती, मागची शेड. नव्वदनंतर बडोद्याच्या आसपास नवे कारखाने आले, हायवेला हॉटेलं झाली, कोंबडी खाणारे वाढले. दादाने डोकं लढवून पिल्लं उबवायचा धंदा काढला. आणंदकडच्या एका एजंटाकडून फलित अंडी आणायची, मशीनमध्ये उबवायची आणि अंगावरची लव वाळली की पिल्लं पोल्ट्रीवाल्यांना विकायची. मशीन म्हणजे मोठं लाकडी कपाट. आत हीटर, पंखा, पाण्याचे ट्रे, आणि दाराला काचेची चौकट. दादा धंदा काढायला हौशी, पण रोजच्या राबण्याला ढिला. ते काम आपसूक वहिनीकडे आलं आणि ती त्यात रमली. ट्रे फिरवायचे, पाणी बदलायचं, अंडं दिव्यापुढे धरून आतला जीव बघायचा. हे सगळं ती गुणगुणत करायची, अंड्यांशी आपल्या बोलीत भरभरून बोलायची. मी सुट्टीत घरी आले की तिच्याबरोबर शेडमध्येच असायची. खोटं कशाला बोलू, आईपेक्षा मला तिचाच लळा जास्त होता.

पण वीज. त्या काळी गावातली वीज म्हणजे लहरी जावई. कधी येईल आणि कधी रुसून जाईल, काही नेम नाही. थंडीत अंड्यांची एक खेप अशीच गेली. पंखा थांबला, ऊब गेली आणि अंडी आतल्या आत निवली. पुढची खेपही गेली. वहिनीने एकेक अंडं फोडून पाहिलं. आत पिल्लं पुरती तयार होती, चोचीसकट. तिने ती टोपलीत घालून लिंबोणीखाली पुरली आणि त्या दिवशी जेवली नाही. 

तेव्हा आबांनी सगळ्यांदेखत निकाल सांगितला. जनरेटर घेऊ, एकदा शेवटचा प्रयत्न करू. जनरेटर असूनही खेप गेली तर शेड बंद. उदयने नंदेसरीच्या कारखान्यात नोकरी धरायची, तिथे त्यांची ओळख होती, आणि सूनबाईने घर सांभाळायचं. आबा शब्दाचे पक्के होते. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं ते मला दिसलं. तिची घर सांभाळायला ना नव्हती. पण शेड गेली तर दिवसभर आबांच्या कानांच्या पहाऱ्यात वावरायचं होतं.

जनरेटर बघायला आम्ही सगळे बडोद्याला गेलो. स्टेशनजवळ सयाजीगंजात मशिनरीची दुकानं होती आणि माझं कॉलेजही तिथेच, म्हणून मी वाट दाखवायला. दादाला नवं, जलद फिरणारं, हवेवर थंड होणारं इंजिन हवं होतं. लहानसं, चकचकीत, कपाटाएवढ्या जागेत मावणारं. दुकानदाराने ते सुरू करून दाखवलं तर असं किंचाळलं की आबांनी कानांवर हात ठेवले. मग दुकानदाराने लोड किती असं विचारलं. दादा म्हणाला, फक्त मशीन. आबा म्हणाले, घरातले दिवे आणि टीव्हीपण. दुकानदाराने समजावलं की पंख्याची मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते, म्हणून जनरेटर बेताचा घेऊ नका, नाहीतर ऐनवेळी मान टाकेल. आबा आणि दादा त्यावर दुकानातच वाद घालत बसले आणि दुकानदाराने आमच्यासाठी दुसऱ्यांदा चहा मागवला.

वहिनी तेवढ्या वेळात मागच्या बाजूला गेली होती. तिथे एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातून आलेलं जुनं इंजिन पडलं होतं. संथ फिरणारं, पाण्यावर थंड होणारं, दोन्ही अंगांना भलीमोठी चाकं, सुरू करायला लोखंडी हँडल. त्याला अल्टरनेटर जोडून मिळणार होता. तिने त्याच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, आमच्याकडं गुऱ्हाळावर असलंच इंजान असतंय, हंगामभर चालतंय, रातंदिस, तक्रार न्हाई. आबा खूश झाले, कारण त्यांच्याही मनात तेच होतं. "इंजिन म्हणावं," ते म्हणाले, आणि सौदा तिथेच ठरला. दादा हिरमुसला. बायकोने उघडउघड सासऱ्याची बाजू घेतली, म्हणून टेम्पोत परत येताना तो तिच्याशी बोलला नाही.

तिने एक प्रश्न मात्र विचारला होता. हे घरात नसले तर ह्ये सुरू कोणी करायचं? आबांनी हसून सांगितलं की घरात कोणी ना कोणी पुरुष असतोच.

जनरेटरला जागा केली ती विहिरीकडच्या उतारावर, घरापासून चार पायऱ्या उतरून. वर मशीनजवळ ठेवला असता तर त्याच्या हादऱ्याने अंडी हलली असती. वीटकाम करून इंजिन बोल्टांनी आवळलं, वर पत्रा टाकला, शेडपर्यंत वायर ओढली. डिझेल असायचं कारब्यात, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनमध्ये. चोरी होऊ नये म्हणून तो वरती ओसरीवर खाटेखाली ठेवत, आणि लागेल तसा दादा तो खाली नेऊन इंजिनाची टाकी भरत असे.

पहिल्यांदा सुरू केलं तो दिवस मला सणासारखा आठवतो. दादा शर्ट काढून हँडलला भिडला. लिव्हर वर करून चाकं फिरवायची, पुरता वेग आला की लिव्हर सोडायची आणि हँडल झटकन काढून घ्यायचं. चुकलं तर हँडल उलटं येऊन मनगट मोडतं. दोनदा नुसता धूर निघाला. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, सगळं अंग हलवून जागं झालं आणि घरात सगळे बल्ब लागले. आईने इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. गावातली पोरंटोरं कुंपणावर चढून बघत होती. त्या उन्हाळ्यात वीज गेली की अर्धा गाव आमच्या ओसरीवर टीव्ही बघायला यायचा. मागच्या अंगणात मात्र कोणी पाय टाकत नसे. तिकडे अंडी होती आणि गाव कडक शाकाहारी. शेजारचे छोटाभाई पटेल, आम्ही त्यांना छोटाकाका म्हणायचो, ते तर आम्ही अंडी आणल्यापासून आमच्या कुंपणाकडे पाठ करूनच शेतात जायचे. कपाळाला रोज टिळा आणि त्यात कुंकवाचा गोल चांदलो, स्वभावाने देवमाणूस. पण अंडं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

इंजिनाला हात लावायचा नाही अशी वहिनीला ताकीद होती. ती लावत नसे. पण दादा ते सुरू करायचा तेव्हा पायरीवर उभी राहून त्याचे हात बघायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, "बघून ठेवलेलं कधी वाया जात न्हाई, वन्सं."

खेप चांगली धरली. वीज गेली तेव्हा तेव्हा इंजिन चाललं. अंडी दिव्यापुढे धरली की आत काळी सावली हलताना दिसायची. वैशाखाच्या अखेरीला अंडी खालच्या ट्रेमध्ये घेतली. आता दोन दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती. आणि नेमकं तेव्हाच दांडिया बाजारात मामांच्या घरी लग्न आलं. आईला जाणं भाग होतं, आबांना मिरवायचं होतं. त्याच दिवशी दादाची नंदेसरीला मुलाखत. आबांनीच ठरवली होती. खेपेचं काहीही होवो, भेटून तर ये, असं म्हणून. वहिनी म्हणाली, मी थांबते. मीही थांबले. त्या लग्नात मला बघायला कोणीतरी येणार अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती आणि मला नटून बसायचं नव्हतं.

सकाळी मी न्हाणीघरात होते तेव्हा ती मंडळी निघाली. आईने जाता जाता वहिनीला सूचना दिल्या. दूध तापव, म्हशीला पाणी दाखव, आणि शेवटी दारातून वळून सांगितलं, "कारबा खाली आहे हं, लक्षात ठेव." वहिनी बरं म्हणाली. हे मला नंतर कळलं.

दुपारी ऊन असं तापलं की अंगणात पाय ठेववेना. कावळेसुद्धा लिंबोणीत चोची उघड्या टाकून बसले होते. मशीनच्या काचेतून दिसत होतं, अंड्यांना तडे जायला लागले होते. एका भोकातून इवलीशी चोच बाहेर येऊन श्वास घेत होती. वहिनी काचेला नाक लावून बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात पश्चिमेकडून वावझोड उठली. धूळ, पाचोळा, पत्र्यांचा खडखडाट. गावाबाहेरच्या डांबाची तार तुटली असावी. पंखा फिरता फिरता थांबला.

वहिनी पदर खोचून उताराकडे धावली. मी तिच्यामागे. तिने टाकीत डोकावलं, तळाशी थोडं डिझेल होतं. कारबा कोपऱ्यात उभा होता. तो दिसताच ती निर्धास्त झाली. मला लिव्हरजवळ उभी करून म्हणाली, मी म्हणेन तेव्हा सोडा. मग तिने हँडल लावलं आणि फिरवायला लागली. तिच्या दंडाच्या शिरा तटतटल्या, बांगड्या वाढल्या, पायाखालची माती उखडली. पहिल्या वेळी मी लिव्हर लवकर सोडली. हँडल उलटं आलं आणि तिच्या मनगटावर बसलं. ती खाली बसली, मनगट दाबून धरलं, उठली आणि परत फिरवायला लागली. या वेळी इंजिन लागलं. आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून हसलो आणि वर जाऊन स्विच फिरवला. पंखा सुरू झाला.

मग इंजिन अडखळलं. एक ठोका चुकला, मग दोन. वहिनी धावत खाली गेली, टाकीचं झाकण काढलं आणि कारबा उचलायला पाय रोवून वाकली. भरला कारबा उचलायचा म्हणून तिने सगळा जोर लावला होता. तो पिसासारखा वर आला आणि ती मागच्या मागे भिंतीवर आदळली. इंजिन बंद पडलं.

"रिकामाच हाय की हा," ती म्हणाली. "आत्याबाई तर म्हणाल्या, कारबा खाली हाय."

मला आधी कळेना ती काय म्हणते ते. मग लख्ख कळलं. "अगं वहिनी, आमच्याकडे खाली म्हणजे रिकामा," मी म्हणाले. "आई सांगत होती, संपलाय, भरून आण. दादाने टाकीत ओतून इथेच ठेवला असणार."

ती कारबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. खाली म्हणजे खालच्या अंगाला, उताराला. तिच्या मराठीत दुसरं काही होतच नाही. आणि कारबा तर खरोखरच खाली होता. सासू म्हणाली तिथेच.

वर मशीनमध्ये पंखा बंद होता. थंडीत अंडी निवून मेली होती, पण आता उलटं होतं. बाहेर आग, आणि आत शेकडो जिवांची स्वतःची ऊब. काचेतून दिसलं, फुटलेली पिल्लं चोची वासून धापा टाकत होती. आणंदच्या एजंटाने बजावलेलं होतं, पिल्लं निघताना दार उघडायचं नाही, दमट हवा गेली की अंड्याचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लू आत चिकटून मरतं. वहिनीने कडीवर हात ठेवला.  मी म्हटलं, नको, उघडायचं नाही म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "गुदमरत्यात ती, वन्सं." आणि तिने दार उघडलं.

आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. तिने गोणपाटं विहिरीच्या पाण्यात बुडवून दारावर टांगली, सूप घेतलं आणि वारा घालायला लागली. मनगट सुजून टम्म झालं होतं. ती डाव्या हाताने सूप हलवत होती. मला म्हणाली, डिझेल आणा, कुठूनबी.

डिझेल गावात एकाच माणसाकडे असायचं, कारण ट्रॅक्टर त्यांचाच होता. मी अनवाणी छोटाकाकांच्या खळ्यात पळत गेले. ते वाऱ्याने उडालेली वैरण गोळा करत होते. मला बोलताना धाप लागत होती. त्यांनी ऐकून घेतलं. ट्रॅक्टरच्या टाकीत रबरी नळी घालून तोंडाने ओढली, थुंकले, आणि डबा भरून माझ्यापुढे चालायला लागले. आमच्या कुंपणाशी मात्र थांबले. डबा माझ्या हातात दिला. मी जाऊन टाकीत ओतला. आम्ही हँडल फिरवलं, फिरवलं, इंजिन लागेना. टाकी कोरडी झाल्यामुळे नळीत हवा शिरली होती.

छोटाकाका कुंपणापलीकडून गुजरातीत ओरडून सांगत होते, पंपाकडचा नट ढिला करा, बुडबुडे जाऊ द्या. मी ते वहिनीला मराठीत सांगत होते. पण कुठला नट ते मलाच समजत नव्हतं, तर तिला काय सांगणार. वरून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येत होता आणि तो हळूहळू बारीक होत चालला होता. छोटाकाकांनीही तो ऐकला असणार. त्यांनी चपला काढल्या, कुंपण ओलांडलं आणि आमच्या अंगणात आले.

"इंडां होत तो हुं ना आवत," ते खाली बसत म्हणाले. "आ तो जीव छे."

अंडी असती तर आलो नसतो, हे तर जीव आहेत. असं म्हणून त्यांनी पान्याने नट ढिला केला. फेसाळ डिझेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. नट आवळून त्यांनी स्वतः हँडल घेतलं. इंजिन लागलं. वर पंखा सुरू झाल्याचं ऐकून छोटाकाका उठले, शेडकडे न बघता विहिरीवर गेले, हातपाय धुतले आणि घरी जाऊन आंघोळ केली असणार. त्यांची आठवण आली की आजही माझे हात जोडले जातात.

दिवस कलता कलता तिघेही परत आले. दादा लग्नघरी जाऊन आईआबांना घेऊन आला होता. रस्त्यात झाडं पडल्यामुळे बराच वेळ अडकले होते. इंजिनाचा आवाज ऐकून आबा खुशीत मागच्या अंगणात आले आणि जागीच थांबले. वहिनीने मेलेली पिल्लं आणि न फुटलेली अंडी टोपल्यांत काढून ठेवली होती. तिच्या केसांत पिवळी लव चिकटली होती आणि मनगटाला चिंधी बांधलेली होती. बाकीची पिल्लं खोक्यांत होती, बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढत होती.

आबांनी टोपल्या बघितल्या. आईने विचारलं, कारबा भरून आणला नाही का? वहिनी खाली मान घालून म्हणाली, "तुमी म्हणालात खाली हाय. म्या खालीच जाऊन बघितला."

आबांनी सवयीने तोंड उघडलं. "खाली म्हणजे," ते म्हणाले आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते मनातल्या मनात शब्द शोधत होते, आणि तो आपल्याला नेमका कोणत्या भाषेत सापडतो आहे ते त्यांना कळत होतं. दादाने मान वळवली. मला वाटलं, झालं, आता आबा आपला शब्द पाळणार.

तेव्हा आई बोलली. सुनेसमोर आपली चूक कबूल करणारी बाई नव्हती ती. त्या आधी नाही आणि नंतरही नाही.

"तिला काय विचारता," आई म्हणाली. "तिला मराठी येतं. आपल्यालाच येईनासं झालंय."

आबा पुढे झाले. खोक्यापाशी गेले, वाकले, आणि एक पिल्लू तळहातावर घेतलं. ते पिल्लू त्यांच्या बोटात चोच मारायला लागलं. 

"किती वाचली?" त्यांनी विचारलं.

"निम्म्याच्या वर हायेत," वहिनी म्हणाली. मी वाट बघितली, पण आबांनी त्याचं "आहेत" करून घेतलं नाही.

"मग खेप गेली असं कोण म्हणतं?" ते म्हणाले. मग दादाकडे वळून, पण त्याच्याकडे न बघता, म्हणाले की नंदेसरीची नोकरी चांगली असेल तर त्याने खुशाल धरावी. शेड सूनबाई चालवेल.

वहिनीने डोळे पुसले ते चिंधीच्याच हाताने, आणि कळ आली असणार, कारण तिचं तोंड वाकडं झालं. मग तिने सरळ आबांना विचारलं, "आणि डिझेल कोणी आणायचं?"

"मी आणीन," आबा म्हणाले.

आणि त्यांनी आणलं. पुढे गुडघे गेले तोवर, सायकलला कारबा बांधून, पादऱ्याच्या रस्त्यावरच्या पंपावरून.